पट्टीखालची चमक

१

जुमान दलालाने फडकं सोडलं, आणि बोली पुकारायला उघडलेलं त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

बंदूक नव्या चमच्यासारखी चकाकत होती.

निझवाच्या शुक्रवारच्या बाजारात, जिथे जुन्या बंदुका आणि खंजीर विकले जातात, तिथे गोल करून उभी असलेली माणसं टाचा उंचावून बघू लागली. यातले निम्मे लोक आज फक्त या एका बंदुकीसाठी आले होते. हाज सुलैयमची मार्टिनी रायफल. तीन पिढ्या घरात असलेली, विलायती फौजेने कधीतरी टाकून दिलेली आणि मस्कतच्या बंदरातून उंटावर बसून डोंगरात आलेली. हाज सुलैयम दोन महिन्यांपूर्वी गेला. त्याच्या मुलांत वाटण्या झाल्या, पण बंदूक काही कापून वाटता येत नाही. म्हणून ती विकायची ठरली.

"अरे, ही बंदूक आहे की वरातीची नवरी?" जुमानला शेवटी वाचा फुटली. "हिला न्हाऊमाखू कुणी घातलं?"

दोन-चार जण हसले. थोरला मुलगा मुहन्ना मात्र डोक्याला हात लावून खालीच बसला.

"रय्या," तो म्हणाला. "माझी बायको. मी तिला चांदीच्या पट्ट्या उजळायला सांगितल्या होत्या. फक्त पट्ट्या! तिनं सगळीच घासून काढली."

"घरातली बंदूक बायकांच्या हातात दिलीसच कशाला?" धाकटा भाऊ नबहान ओरडला. "बाबांनी कधी आईला तरी हात लावू दिला होता का?"

"आई आजारी, घरात माणूस नाही, म्हटलं तेवढं काम करेल. मला काय ठाऊक, ही राख घेऊन बसेल!"

गोलाच्या कडेला मुद्रिक उभा होता. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला हा माणूस. जुन्या हत्यारांवर मिळेल ते पुस्तक त्याने वाचलं होतं, आणि विकण्याआधी बंदुकीची किंमत ठरवायची तर लोक ती त्याच्याकडे आणत. तो त्याबद्दल काही घेत नसे. त्याचं बोलणं 'बहुधा'ने सुरू व्हायचं आणि 'चूकभूल माफ करा'ने संपायचं. पण बुधवारी हीच बंदूक मांडीवर घेऊन, दोघा भावांसमोर, तो आयुष्यात प्रथमच ठामपणे बोलला होता. "असली आहे. सरकारी कारखान्यातली. अंगावर मुकुटाचा ठसा आहे, लाकडी दस्त्यावर गोल शिक्का आहे, नळीचं पोट आतून सात बाजूंचं आहे आणि जुना काळा रंग जसाच्या तसा आहे. हिला घासू नका. वय हीच हिची किंमत."

आता ठसा पुसट झाला होता. नखाने चाचपला तरच लागावा इतका. शिक्क्याच्या जागी ताजं, पिवळट लाकूड होतं.

मुहन्नाने बाजारातूनच सासऱ्याला फोन लावला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "या, आणि तुमच्या मुलीला घेऊन जा. बापाची निशाणी मातीत घातली तिनं. माझ्या घरात तिला आता जागा नाही."

लोकांनी नजरा वळवल्या. ही गोष्ट सगळ्या बाजारासमोर बोलायला नको होती.

मुद्रिकने बंदूक उचलली. कळ खाली ओढली, नळी आकाशाकडे धरली आणि डोळा लावला. ऑपरेशन झालेला डोळा. दुसऱ्यावर अजून मोतीबिंदूचा पडदाच होता.

आत सात बाजू नव्हत्या. नळीचं पोट गोल होतं.

२

बाहेरून बंदूक किती का घासा, नळीचं पोट बदलत नाही. म्हणजे एक तर बुधवारी त्याचा डोळा चुकला होता, नाहीतर ही ती बंदूकच नव्हती. आणि मुद्रिकच्या स्वभावाप्रमाणे त्याला पहिलीच शक्यता खरी वाटली. सरहद्दीपलीकडचे कारागीर हाताने, कानशीने घासून बनवतात त्या नकली मार्टिन्या त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. बुधवारी सात बाजू दिसल्या त्या, दिसाव्यात असं वाटत होतं म्हणून तर नाही?

तरीही तो घरी न जाता बंदुकीच्या मागोमाग हाज सुलैयमच्या घरी गेला. का गेला ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. फोनवरचे ते शब्द त्याच्या कानातून जात नव्हते, एवढं खरं.

पुरुषांच्या बैठकीत मुहन्ना, नबहान आणि जुमान दलाल भिंतीला टेकून बसले होते. जुमानला त्याची दलाली बुडाल्याचं दुःख होतं, त्यामुळे तो सगळ्यांत मोठ्याने सुस्कारे टाकत होता. कॉफी आली. सोबत खजूर आला तो प्लास्टिकच्या डब्यातला, दुकानाची चिठ्ठी अजून झाकणावर. मुद्रिकने एक उचलला. कोरडा होता. त्याने तो हळूच कपाच्या आड ठेवला. पाहुण्याने अशा गोष्टींवर बोलायचं नसतं.

"उस्ताद, आता हिचं काय येईल?" नबहानने विचारलं.

"बहुधा... फार नाही."

"फार नाही काय म्हणता, भिंतीवर टांगायला कुणी फुकट नेली तर नशीब समजा," जुमान म्हणाला. "आणि काल दुपारी हिनंच माझा नवा झगा खराब केला होता! हे बघा." त्याने पांढऱ्या झग्याच्या मांडीवरचा तेलकट काळा डाग दाखवला. "दुपारच्या नमाजानंतर बघायला आलो, मांडीवर घेतली, पन्नास वर्षांचं तेल माझ्याच अंगाला. बायको अजून बोलत नाही माझ्याशी."

"तुझी बायको एरवी तरी बोलते का?" नबहान म्हणाला.

"तू बोलू नकोस. तुला बंदूक विकायची घाई, म्हणून मला भर उन्हात बोलावलंस."

"घाई मला होती, हो. भाऊ म्हणत होता, विकायला नको, माझ्याकडेच ठेवतो. वाटा नंतर देतो म्हणे. नंतर म्हणजे कधी? कयामतीला?"

मुहन्नाने आपला कप पुन्हा भरून घेतला.

मुद्रिकने चाचरत विचारलं, "काल दुपारी तुम्ही दोघं निघालात, तेव्हा बंदूक कुठे होती?"

"त्या खुंटीवर," नबहान म्हणाला. "काळी, जशी नेहमी असते तशी. पाटाच्या पाण्याची पाळी आमची होती, म्हणून मी बागेत गेलो. जुमान माझ्याच गाडीत बसून घरी गेला."

"आणि पॉलिश पेपर कुणाच्या दुकानात मिळतो ते विचारा ना," मुहन्ना एकदम म्हणाला. "पंप दुरुस्तीचं दुकान कुणाचं आहे? रय्याला नुसत्या राखेनं एवढं जमेल? मला आता वाटतंय, तिला कुणीतरी मदत केली. मला ती मिळू नये म्हणून."

"मी?" नबहान ताडकन उठला. "मी माझाच वाटा जाळेन? अरे, तुझं डोकं..."

"बसा, बसा," मुद्रिक म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक आला की दोघेही आश्चर्याने थांबले. "मला एक पट्टी उघडून बघायची आहे. परवानगी असेल तर."

"उघडा," नबहान म्हणाला. "आता आणखी काय बिघडायचंय?"

नळी आणि लाकूड एकत्र बांधणाऱ्या चांदीच्या पट्ट्या हाज सुलैयमच्या आजोबांनी ठोकून घेतल्या होत्या. तेव्हापासून त्या कधी निघाल्या नव्हत्या, असं सगळं गाव सांगे. मुद्रिकने चाकूचं टोक जोडात सरकवलं. पट्टी चटकन सुटली. फारच चटकन. त्याने ती बाजूला केली आणि चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिलं.

पट्टीखालीही तीच चमक होती. अखंड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लाकूडही तिथे तसंच ताजं, पिवळट.

"काय दिसलं?" जुमानने मान लांब केली.

"काही नाही," मुद्रिक म्हणाला, आणि खोटं बोललो म्हणून त्याचे कान तापले. "मला... मला घरातल्या बाईंशी बोलायला मिळेल का?"

३

रय्या आतल्या अंगणात, सासूच्या खोलीच्या दाराशी बसली होती. शेजारी कपड्यांचं बोचकं बांधून ठेवलेलं. आत उम्म मुहन्ना, म्हणजे मुहन्नाची आई, खाटेवर पडून होती. अर्धं अंग गेल्यापासून तिला एवढंच उरलं होतं. दार उघडं होतं.

मुद्रिक काही अंतरावर, नजर जमिनीकडे ठेवून बसला. बायकांशी बोलताना तो अजूनही शाळकरी मुलासारखा अडखळे.

"मुली, मी... तू मला ओळखत असशील."

"ओळखते, काका. तुमच्या ग्रंथालयातून माझा भाऊ पुस्तकं आणायचा. परत द्यायचा नाही." ती हसायला गेली, आणि तोंड दुसरीकडे वळवून तिने डोळे पुसले. "माझंच चुकलं. मला विचारू नका. मी कबूल केलंय."

"काय कबूल केलंस?"

"घासली म्हणून. लिंबू आणि राख. आमच्या माहेरी चांदी तशीच घासतात. पट्ट्या घासताना राख लोखंडाला लागली असणार. लाकडालाही. मला कळलं नाही."

"जोर किती लावलास?"

"जोर? काका, पट्ट्या पातळ आहेत. चेपल्या असत्या. बोटानं घासत होते."

"आणि मध्येच कुणी आलं? नबहान आला होता का?"

"भावोजी बागेत होते. संध्याकाळ होईपर्यंत आले नाहीत."

आतून उम्म मुहन्नाचा जड आवाज आला. "पोरीला छळू नकोस रे. तिनं काही केलं नाही. माझ्यासमोर बसून फक्त चांदी घासत होती. मी बघत होते."

"अम्मा, तुम्हाला तिथून काय दिसणार," रय्या म्हणाली. मग मुद्रिककडे वळून हळू आवाजात म्हणाली, "त्या माझ्या बाजूनं बोलतात. मी गेल्यावर त्यांना कूस कोण बदलून देणार? तेवढंच मला... तुम्ही त्यांना सांगून बघा ना, काका. मुहन्नांना. मी बंदुकीला पुन्हा हात लावणार नाही. बैठकीत पाऊल टाकणार नाही. तुमचं ते ऐकतील."

बाजारात, बैठकीत, सगळे तिच्याबद्दल बोलले होते. तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. आणि त्याच्या मनात एक इतका साधा प्रश्न आला, की तो विचारायचीही त्याला लाज वाटली.

"ही बंदूक तू याआधी कधी पाहिली होतीस?"

"मी? बैठकीतली बंदूक मी कशाला बघेन? लग्न होऊन आल्यापासून तिथे पुरुषच बसतात. झाडायलासुद्धा बाहेरचा माणूस येतो."

"म्हणजे काल पहिल्यांदाच?"

"हो. तिसऱ्या प्रहरचा नमाज झाल्यावर मुहन्ना घेऊन आले. फडक्यात गुंडाळलेली. म्हणाले, इथे आईसमोर बसून घास."

"आणि फडकं सोडलंस तेव्हा," मुद्रिकने विचारलं, "तेव्हा ती कशी होती?"

रय्याने त्याच्याकडे पाहिलं. प्रश्न तिला कळला नव्हता.

"कशी म्हणजे? अशीच. चकचकीत. मला वाटलं, बंदुका अशाच असतात."

४

कोडं सुटल्याचा आनंद पुस्तकातल्या माणसांना होत असेल. मुद्रिकला वाटलं, आपण इथे यायलाच नको होतं.

दुपारी ती काळी होती. एकमेकांना टोमणे मारणारे नबहान आणि जुमान दोघंही तेच सांगत होते, आणि एकाच्या झग्यावर तर तिचं तेल होतं. तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर ती रय्याच्या मांडीवर आली तेव्हा चकचकीत होती. एवढ्या वेळात घासून इतकी स्वच्छ कुणालाच करता आली नसती. पण आधीच घासून तयार ठेवलेल्या दुसऱ्या बंदुकीवर चांदीच्या पट्ट्या चढवायला तेवढा वेळ पुरतो. म्हणून पट्टीखालीही चमक. पट्ट्या जागेवर ठेवून राखेने घासलेली बंदूक पट्टीखाली काळीच राहिली असती. आणि घासायची कशाला? नकली ठसा, नवं लाकूड, काही ओळखू येऊ नये म्हणून. चोरी लपवायला नुकसान दाखवलं होतं. नुकसान दाखवायला एक माणूस हवं होतं, ज्याने खरी बंदूक कधी पाहिलीच नाही.

त्या वेळात बैठकीत एकटा मुहन्ना होता.

"काका?" रय्या म्हणाली. "काय झालं? तुमचा चेहरा असा का झाला?"

मुद्रिकने तिला सांगितलं. हळूहळू, अडखळत, प्रत्येक गोष्टीपाशी थांबून, आपल्या म्हणण्यात कुठे भोक आहे का ते पुन्हा तपासत. भोक सापडावं अशी त्याची फार इच्छा होती. सापडलं नाही.

रय्या ऐकत राहिली. आतली म्हातारीही ऐकत होती.

"हे मी आधी तुला सांगितलं, कारण..." मुद्रिकने बोटं एकमेकांत अडकवली. "हे बोललो तर तुझ्यावरचा आळ जाईल. पण मग तुझं या घरात काय होईल ते मला सांगता येत नाही. दुसरीही एक वाट आहे. मी आत जाऊन म्हणतो, बुधवारी माझा डोळा चुकला. बंदूक पहिल्यापासून नकलीच होती, असं म्हणतो. नकली बंदुकीचं घासल्यानं काय बिघडतं? तुझ्याकडून नुकसानच झालं नाही. मुहन्नाला तुला ठेवून घ्यावंच लागेल. लोक माझ्या डोळ्यांवर हसतील, पण ते तसेही..."

"मग खरी बंदूक त्यांच्याकडेच राहील."

"राहील."

"भावोजींचा वाटा गेला. अम्मांचा गेला. आणि तुमच्याकडे पुन्हा कुणी काही दाखवायला आणणार नाही."

"माझं सोड. मी म्हातारा माणूस. मला पुस्तकं पुष्कळ आहेत."

रय्या बोचक्याची गाठ चाचपत राहिली. सोडते की घट्ट करते, ते कळत नव्हतं.

"मघाशी ते बाजारातून आले," ती म्हणाली, "तेव्हा मी दारातच त्यांची माफी मागितली. डोक्याचं चुंबन घ्यायला गेले. ते उंच आहेत, मी पोहोचत नाही." तिचा आवाज कोरडा झाला होता. "त्यांनी डोकं खाली वाकवलं, काका. मला पोहोचता यावं म्हणून. त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यांनी डोकं वाकवलं."

मुद्रिकला वर बघवेना.

"जा," ती म्हणाली. "जे आहे ते बोला."

५

बैठकीत कॉफीचा दुसरा फेरा चालू होता. मुद्रिक दारात उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने वाटेत तीनदा जुळवलं होतं आणि आता त्यातलं काहीच आठवत नव्हतं. समोर खजुराचा तो डबा होता.

"मुहन्ना," तो म्हणाला, "घरचा खजूर नाही का?"

जुमानने चमकून त्याच्याकडे पाहिलं. इतकं उघड कुणी विचारत नाही.

"म्हणजे," मुद्रिक म्हणाला, "तुमच्या बागेतला खजूर आम्ही शाळेत असल्यापासून खातोय. पोती भरून कोठार असतं तुमचं. आणि पाहुण्यांपुढे डबा?"

"हो, तेच मी पण मनात म्हणत होतो," जुमान म्हणाला. "म्हटलं, बापाबरोबर खजूरही गेला की काय."

"कोठाराची किल्ली भावाकडे आहे," नबहान म्हणाला. "वहिनी कालपासून मागतेय. तो म्हणतो, सापडत नाही."

मुहन्नाचा हात त्याच्या कुशीच्या खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला. ते सगळ्यांनी पाहिलं.

"ही बंदूक तुमच्या बाबांची नाही," मुद्रिक म्हणाला. बोलायला सुरुवात झाली तशी भीती मागे पडली, आणि नळीच्या पोटापासून पट्टीखालच्या चमकेपर्यंत त्याने सगळं सांगितलं. एकदाही 'बहुधा' म्हटलं नाही. "पट्ट्या तेवढ्या तुमच्या आहेत. काल दुपारी त्या इथे बसून बदलल्या. आणि कोठाराची किल्लीही कालपासूनच सापडत नाही. खरी बंदूक पोत्यांमागे असेल. मला चुकीचं ठरवायचं असेल तर किल्ली द्या."

मुहन्नाने किल्ली दिली नाही. नबहानने ती त्याच्या खिशातून काढून घेतली, आणि मुहन्नाने हात धरलासुद्धा नाही.

कोठार उघडल्याचा आवाज आला. पोती सरकवल्याचा आला. शेवटी नबहान आला तो दोन्ही हातांवर आडवी धरून. पट्ट्यांवाचून बंदूक उघडी वाटत होती. काळी, तेलकट, आणि जिथे जिथे पट्ट्या होत्या तिथे लाकडावर काळसर वळ उमटलेले. मुद्रिकने नळीतून पाहिलं. सात बाजू होत्या. बुधवारच्यासारख्याच.

"तीच आहे," तो म्हणाला. त्याला बरं वाटायला हवं होतं.

"मला विकायची नव्हती!" मुहन्नाचा आवाज फुटला. "किती वेळा सांगितलं तुला! लहान असल्यापासून बाबा म्हणायचे, ही मुहन्नाची. तू ऐकलंस? पैसा, पैसा, वाटा, वाटा. बहलाच्या बाजारातून नकली आणली, बुधवारी रात्री तुझ्याच दुकानात घासली. मी ती विकणार नव्हतो रे. नुसती ठेवणार होतो."

"आणि वहिनी?" नबहान म्हणाला.

"चार दिवसांची गोष्ट होती. तुझा राग गेल्यावर मी तिला परत आणणारच होतो. शपथ घेऊन सांगतो."

"परत आणणार होता म्हणे," जुमान पुटपुटला. या वेळी त्यात थट्टा नव्हती. त्याने आपला कप उपडा ठेवला आणि तो उठून बाहेर गेला.

रय्या बैठकीच्या दारात आली होती. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच. तिने बंदुकीकडे एक नजर टाकली. तिला ती काही विशेष दिसली नसावी.

"भावोजी," ती म्हणाली, "अम्मांचं औषध खिडकीत आहे. जेवणाआधी द्यायचं, नंतर नाही. कूस डावीकडून बदलायची, उजवा खांदा दुखतो. आणि पाणी चमच्यानं. गडबड केलीत तर ठसका लागतो."

"रय्या," मुहन्ना उठून उभा राहिला. "आता कुठे निघालीस? मी चुकलो. बोललो ना, चुकलो. तुझ्यावर आता काही आळ नाही."

"नाही ना?" ती म्हणाली. "म्हणून तर जाता येतंय."

ती वळली. आतून उम्म मुहन्नाने तिला हाक मारली, रय्या आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आत काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही.

दारापाशी गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा मुद्रिक घाईने बाहेर पडला. का, ते त्याला या वेळी नेमकं माहीत होतं. मुलीचं तोंड दिसण्याआधी बापाला खरं कळायला हवं होतं.

डोंगरातल्या खेड्यातून, धुळीने पांढऱ्या झालेल्या पिकअपमधून, एक काटकुळा म्हातारा उतरला. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने मुद्रिकला सलाम केला आणि नजर न उचलता विचारलं, "तुम्हीच ते उस्ताद? बंदुका जोखणारे?"

"हो. ऐका, मला तुम्हाला आधी..."

"मी सगळं ऐकलंय. फोनवर. तिचं नुकसान भरून द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही." म्हाताऱ्याने टॉवेल पुढे केला. आतून चांदीच्या मुठीचं टोक डोकावत होतं. त्याचा स्वतःचा खंजीर. लग्नात कमरेला लावलेला असणार. "याची किंमत करून सांगा. पुरेल का बघा. पुरला तर तिला राहू देतील का, तेही विचारा."

मुद्रिकने तो हातात घेतला. जड होता, चांगलाच जुना. एखाद्या दुसऱ्या दिवशी त्याने तो उन्हात धरून तासभर पाहिला असता. त्याने टॉवेलाचं सुटलेलं टोक मुठीवरून ओढून घेतलं, नीट खोचलं, आणि ते गाठोडं म्हाताऱ्याच्या हातात परत ठेवलं.

"तुमच्या मुलीनं काहीही केलेलं नाही," तो म्हणाला. "गाडीतच बसा. ती येतेय."